परड्यातली भट्टी: बेळगाव-खानापूर भागात घरी लोहारकाम सुरू करताना

घरी लोहारकाम करायचं मनात आलं की बहुतेकांचा पहिला पैसा ऐरणीवर जातो आणि पुढचे महिने आगीशी झटण्यात जातात. क्रम उलटा ठेवलेला बरा. ऐरण म्हणून पोलादाचा जाड ठोकळाही चालून जातो. आग हाताखाली आली नसेल तर मात्र उत्तम ऐरणीवरही लोखंड एक तर थंड राहतं नाही तर जळतं. म्हणून या लेखात भट्टी, हवा, कोळसा आणि पोलादाला पाणी देणं, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक करणं, यांवर भर आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात कोणता माल कुठे सापडतो, तेही जागोजागी दिलं आहे.

जागा

घरामागे परडं असेल तर तिथेच सोय करा. १० बाय १० फूट जागा, वर ९-१० फुटांवर पत्रा आणि पश्चिमेची बाजू सोडून तीन बाजू मोकळ्या, एवढं पुरतं. पश्चिमेची बाजू झाकायची कारण खानापूरकडचा पाऊस तिकडूनच तिरका आत येतो. पत्र्याची सावली गरजेची आहे. उन्हात लाल झालेलं लोखंडही काळं दिसतं, आणि या कामात तापमान डोळ्यांनीच मोजायचं असतं.

बंद खोलीत, जिन्याखाली किंवा शटर लावलेल्या गॅरेजमध्ये भट्टी पेटवू नका. लोणारी (लाकडाच्या) कोळशाला धूर नसतो म्हणून धोका नाही असं वाटतं, पण जळताना त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतोच. त्याला ना वास ना रंग. डोकं जड होणं आणि मळमळणं ही पहिली खूण. तसं वाटलं की तडक मोकळ्यावर या.

खाली साधी मातीची जमीन सगळ्यात चांगली. शहाबादी फरशीवर किंवा काँक्रीटवर तापलेला तुकडा पडला तर फरशी तडकते आणि तिचे कपचे उडतात. कडब्याची गंजी, उसाचं पाचट, गोठा यांपासून निदान ३० फूट लांब राहा आणि वारा त्या दिशेला असेल तर भट्टी पेटवू नका. टिळकवाडी, शहापूरसारख्या लागून घरं असलेल्या भागात प्रश्न आवाजाचा येतो. ऐरणीच्या बुडाशी वाळूचा थर घाला, कडेला जाड साखळी गुंडाळा. खणखणाट बराच कमी होतो. तरीही दुपारच्या झोपेची वेळ आणि रात्र टाळून शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा.

भट्टी बांधणं

नवख्यासाठी बाजूने हवा घेणारी मातीची भट्टी योग्य. खालून हवा देणारी, ट्रकच्या ब्रेक-ड्रमची भट्टीही लोकप्रिय आहे, पण ती कोकसाठी, म्हणजे भाजून वायू काढलेल्या दगडी कोळशासाठी, जास्त सोयीची. लोणारी कोळसा बाजूच्या हवेवर कमी खर्चात जास्त चांगला जळतो, आणि बिघडलं तर अशी भट्टी तासाभरात दुरुस्त होते.

२४ बाय २४ इंच आणि १० इंच खोल अशी पत्र्याची पेटी घ्या, किंवा विटांचा ओटा बांधून वर तेवढी जागा ठेवा. उभ्याने काम करायचं तर वरची कड जमिनीपासून ३२ ते ३४ इंचांवर यावी. पेटीत भरायला लाल माती एक भाग आणि जाड वाळू दोन भाग, त्यात थोडी राख. खानापूर भागातली कौलाविटांची चिकणमाती यासाठी फार चांगली, मात्र ती नुसती वापरू नका. निव्वळ चिकणमाती सुकताना आक्रसते आणि पहिल्याच आगीत तिला भेगा पडतात. पाणी इतकंच घाला की मूठ आवळल्यावर गोळा टिकेल आणि हात ओला होणार नाही. ओढ्यातले गोटे किंवा सिमेंट आगीजवळ घालायचं नाही. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात.

माती ठोकून बसवताना मधोमध ८ इंच व्यासाचा आणि ५-६ इंच खोल खळगा ठेवा. एका बाजूने १ इंची जाड काळा एमएस (माइल्ड स्टील, साधं मऊ पोलाद) पाईप, २ फूट लांब, आडवा आत आणा. त्याचं तोंड खळग्याच्या तळापासून २ इंच वर हवं. खालची ही २ इंच जागा राख आणि खंगर (वितळून थिजलेली राख) साठायला असते. ती ठेवली नाही तर अर्ध्या तासात हवेचं तोंड बुजतं. पाईप मातीत कायमचा लिंपून टाकू नका. आगीतलं टोक हळूहळू जळून आखूड होतं, तेव्हा मागून पुढे सरकवता आला पाहिजे. पांढरा जीआय पाईप घेऊ नका, त्यावरच्या जस्ताचा धूर फुफ्फुसात गेला तर त्याच दिवशी थंडी वाजून ताप भरतो. खळग्याच्या दोन्ही बाजूंना एकेक भट्टीची वीट उभी लावली की कोळशाचा ढीग पसरत नाही. माती चार-पाच दिवस सावलीत सुकवा आणि पहिल्या दिवशी तासभर फक्त मंद आग ठेवा.

हवा

नवख्यांचं सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे, आणि कारण जवळपास नेहमी एकच: हवा गरजेपेक्षा जास्त. जोराच्या हवेने कोळसा भराभर संपतो, ठिणग्या अंगावर येतात, आणि न जळलेला प्राणवायू लोखंडापर्यंत पोचून त्यावर जाड खपली धरतो.

हाताने फिरवायचा ब्लोअर भट्टीचा पंखा म्हणून हार्डवेअरच्या दुकानांत मिळतो. सुरुवात त्यानेच करावी असं आमचं ठाम मत आहे. हात थांबला की हवा थांबते, त्यामुळे किती हवेला आग कशी वागते हे आपोआप अंगवळणी पडतं. खेड्यांत वीज ऐन कामाच्या वेळी जाते, तेव्हाही काम अडत नाही. विजेचा ब्लोअर लावायचाच असेल तर ब्लोअर आणि पाईप यांच्यामध्ये टी-जोड बसवा आणि त्याच्या मोकळ्या तोंडावर सरकता पत्रा लावा. जादा हवा तिथून बाहेर सोडता येते. वेग कमी करायला पंख्याचा रेग्युलेटर सरसकट जोडू नका. ब्रश असलेल्या मोटारीला तो चालतो, इंडक्शन मोटार मात्र तापून जळते.

आणखी एक धोका: ब्लोअर बंद असताना आगीतला न जळलेला वायू पाईपमध्ये मागे शिरू शकतो, आणि पुन्हा हवा सोडताच आतच पेट घेऊन धडाका होतो. दगडी कोळशात हे जास्त घडतं. थांबताना टी-जोडाचं तोंड पूर्ण उघडं ठेवायची सवय लावा.

कोळसा

पहिले सहा महिने लोणारी कोळसाच वापरा, त्यातही बाभळीचा मिळाला तर तो घ्या. जड असतो, जास्त वेळ टिकतो. बैलहोंगल, गोकाककडच्या कन्नड दुकानात ‘इद्दिलु’ म्हणून मागा. तुकडे एक ते दीड इंचाचे करून चाळून घ्या. मोठे तुकडे राहिले तर मध्ये पोकळ्या पडून लोखंडाला उघडी हवा लागते, आणि भुकटी राहिली तर हवेची वाट बंद होते. छोट्या कामासाठी दोन तासांना साधारण चार ते सहा किलो धरून चाला. खानापूरच्या रानात स्वतः कोळसा पाडायचा विचार मनात आणू नका. कोळसा हे कायद्याने वनोपज आहे. वखारीतून विकत घ्या आणि पावती ठेवा.

उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक भागांतल्या फौंड्र्यांमुळे (ओतकामाच्या कारखान्यांमुळे) बेळगावात हार्ड कोकही पाहायला मिळतो. त्याची उष्णता भरपूर असते, पण फौंड्रीतले ढेकळं मुठीएवढे नि त्याहून मोठे असतात. ते फोडून पाऊण-एक इंचाचे करावे लागतात. शिवाय कोक पेटायला वेळ लागतो, आणि हवा दोन-तीन मिनिटं बंद पडली की आग विझते. हाताच्या पंख्यावर तो राबवणं कष्टाचं आहे. आधी लोणारी कोळशावर हात बसू द्या.

घरगुती गॅस सिलिंडर भट्टीला जोडणं नियमात बसत नाही आणि धोक्याचंही आहे. गॅसची भट्टी हा वेगळा विषय आहे. तिच्यासाठी व्यावसायिक सिलिंडर, योग्य रेग्युलेटर आणि जाणकाराने केलेला बर्नर लागतो.

ऐरण आणि हत्यारं

रुळाच्या तुकड्याची ऐरण सगळीकडे दिसते. भंगारात तो मिळालाच तरी घेऊ नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा जवळ बाळगणं हा १९६६च्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि भंगारवाल्याकडे सहसा त्याचा कागद नसतो. त्यापेक्षा उद्यमबागेतल्या मशीनशॉपमध्ये जाड शाफ्टचे उरलेले तुकडे विचारा. ईएन-८ या मध्यम कार्बनच्या पोलादाचा १५० मिलिमीटर व्यासाचा आणि एक फूट लांबीचा तुकडा साधारण ४२ किलो भरतो. तो आडवा न ठेवता उभा रोवायचा, म्हणजे घाव पूर्ण वजनावर पडतो.

हे फौंड्रीचं गाव आहे, त्यामुळे बिडाचे (ओतीव लोखंडाचे) ठोकळे स्वस्तात आणि हवे तेवढे मिळतील. ते ऐरणीला घेऊ नका. बीड घाव गिळतं आणि कडेने कपचे उडतात. ओळखायची रीत सोपी: बेअरिंगमधली एक इंची गोळी दहा इंचांवरून ठोकळ्यावर सोडा. चांगल्या पोलादावरून ती सहा-सात इंच तरी वर येते, बिडावर जेमतेम दोन-तीन इंच उसळते.

बाभळीचा किंवा चिंचेचा बुंधा दीड-दोन फूट जमिनीत पुरून त्यावर ऐरण पट्ट्यांनी आवळा. सरळ उभं राहून हात खाली सोडला की मुठीची बोटं जिथे येतात तिथे ऐरणीचा माथा यावा. उंच झाली तर खांदा भरून येतो, खाली राहिली तर कंबर.

हातोडा एक किलोच्या आसपास, एका बाजूला आडवी चोच असलेला. दुकानातून आणल्याबरोबर त्याच्या तोंडाच्या कडा ग्राइंडरने गोलसर करा. तीक्ष्ण कडांचे अर्धगोल व्रण कामावर उमटतात आणि पुढच्या घावांत ते आत दुमडून भेग होते. चार-पाच किलोचा घण दुसरं माणूस मारायला असेल तरच. सांडशी दीड फूट लांबीच्या दोन पुरतात: एक सपाट जबड्याची, एक गोल गज धरणारी. सुरुवातीची कामं तर दोन फुटी गजाच्या टोकावरच करा, म्हणजे सांडस लागतच नाही. सोबत जाड छिन्नी, सुंबा (भोक पाडायचा पंच), तारेचा ब्रश, मोठी कानस आणि पक्का बसवलेला व्हाइस.

अंगावर सुती कपडे आणि पायात चामड्याचे बूट, पँट बुटांवरून खाली आलेली. नायलॉन-पॉलिस्टरवर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. डोळ्यांना चष्मा आणि कानांना बोळे रोज हवेत. चामडी हातमोजा फक्त डाव्या हातात, आणि सैल. तो ओला झाला असेल तर गरम लोखंडाने आत वाफ होऊन हात भाजतो, म्हणून लगेच काढा. हातोड्याचा हात मोकळा ठेवा. मोज्यातून पकडीचा अंदाज येत नाही.

जवळ पाण्याची बादली आणि वाळूची बादली भरलेली असू द्या. भाजलं तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. हळद, टूथपेस्ट, तेल काही लावायचं नाही. फोड मोठा असेल किंवा कातडी पांढरी पडली असेल तर दवाखाना गाठा. सगळ्यात जास्त चटके मात्र लाल लोखंडाचे बसत नाहीत. ४०० अंशांवरचं लोखंड काळंच दिसतं आणि माणूस ते सहज उचलतो. गरम तुकडे ठेवायची एकच जागा ठरवा, आणि कुठलाही तुकडा उचलण्याआधी हाताची उलटी बाजू जवळ नेऊन धग बघा.

आग पेटवणं आणि राखणं

खळग्यात तळाला नारळाच्या शेंड्या किंवा कागदाचे बोळे, वर मूठभर बारीक कोळसा. पेटवून अगदी हलकी हवा द्या. कडा लाल दिसू लागल्या की आणखी कोळसा घालत जा. रॉकेल-पेट्रोल कधीच नको, आणि विझल्यासारख्या दिसणाऱ्या निखाऱ्यांवर तर मुळीच नको. दहा-पंधरा मिनिटांत नारळाएवढा चांगला गाभा तयार होतो.

आता या गाभ्याचे तीन थर ओळखा. नळाच्या तोंडालगत हवा जास्त आणि कोळसा कमी, तिथे लोखंड जळतं. त्याच्या वर दोन-तीन इंचांवर सगळा प्राणवायू कोळशाने खाल्लेला असतो. तो तापवण्याचा थर. सगळ्यात वर झाकण म्हणून तीन-चार इंच कोळसा. गज नेहमी आडवा आत घाला, खाली कोळसा आणि वरही कोळसा. टोक खाली करून निखाऱ्यात भोसकलं की ते थेट हवेच्या तोंडाशी जातं आणि बाहेर काढताना फुलबाजीसारख्या पांढऱ्या ठिणग्या उडतात. अशा ठिणग्या दिसल्या की ते टोक जळालं. पुन्हा ठोकून ते सांधत नाही, कापूनच टाकायचं.

काम चालू असताना कडेचा कोळसा आत ढकलायचा आणि नवा कडेला टाकायचा, म्हणजे तो आधी सुकतो. भोकं पाडलेल्या डब्याने कडेवर थोडं पाणी शिंपडत राहिलं की आग पसरत नाही आणि कोळसा वाचतो. लोखंड ऐरणीवर असताना हवा बंद. गावचा लोहार किंवा रस्त्याकडेला बसणारे घिसाडी काम करत असतील तर तासभर उभं राहून त्यांचा पंख्यावरचा हात बघा. पंखा कधी थांबतो आणि कधी हलकाच फिरतो, ते बघण्यासारखं आहे.

लोखंडावर चिकट काळे गोळे लागू लागले आणि आग मध्यभागी मंदावली तर तळाला खंगर साचला आहे. हवा पाच मिनिटं थांबवा. खंगर थिजला की सळईने अख्खा उचलून काढा. कोक आणि दगडी कोळशात हे दर अर्ध्या-पाऊण तासाने करावं लागतं, लोणारी कोळशात क्वचित.

रंग

साध्या एमएसला पिवळा रंग आला की ठोकायला घ्या, साधारण ११०० ते १२०० अंश. नारिंगी उतरून लाल होईपर्यंत ठोका आणि परत आगीत घाला. पाट्याच्या (गाडीच्या कमानीच्या) पोलादाला नारिंगी-पिवळ्यापुढे नेऊ नका, आणि मंद लाल झाल्यावर त्यावर घाव घालू नका. त्याला तेव्हा आतून बारीक चिरा जातात. त्या दिसतात थेट पाणी दिल्यावर, म्हणजे सगळी मेहनत झाल्यावर. आठ मिलिमीटरचा गज ऐरणीवर दहा-पंधरा सेकंदच कामाचा असतो. कुठे आणि कसा मारायचा हे गज आगीत असतानाच ठरवून ठेवा.

पहिलं काम: निमुळतं टोक, मग आकडा

१२ मिलिमीटर चौकोनी एमएस गज घ्या. मीटरला साधारण १.१ किलो भरतो. टोक पिवळं करा, ऐरणीच्या पलीकडच्या कडेला टेकवा, गज किंचित उचलून धरा आणि हातोडाही तेवढाच तिरका मारा. एक घाव, पाव वळसा, एक घाव. असं चौकोनी टोक पुढे खेचत न्या. टोक गोल हवं असलं तरी आधी चौकोनीच निमुळतं करायचं, मग चार कोपरे ठोकून आठकोनी आणि शेवटी गोल. थेट गोल फिरवत ठोकलं की गाभ्यात फट पडते. टोक माशाच्या तोंडासारखं पोकळ झालं तर घाव हलके पडत होते आणि फक्त कातडं पुढे सरकलं. तेवढा भाग कापून, जास्त तापवून, जोराच्या कमी घावांत पुन्हा करा.

दहा-बारा टोकं एकसारखी निघू लागली की ८ मिलिमीटर गजाचा आकडा करा. टोक दीड इंच निमुळतं करा. त्याचा शेवटचा अर्धा सेंटिमीटर ऐरणीच्या कडेवर दुमडून छोटी गुंडाळी करा. मग एक इंची पाईप व्हाइसमध्ये धरून त्यावर वाकवा. २० सेंटिमीटरवर छिन्नीने कापा. छिन्नी ऐरणीच्या तोंडावर आपटू नये म्हणून खाली एमएसची पट्टी ठेवा. झालेलं टोक पाण्यात थंड करून सांडशीत धरा आणि दुसरं टोक उलट दिशेने तसंच करा. वाकवताना ठोका लागून निमुळता भाग चेपला तर हातोडा ऐरणीवर न आणता गज हवेत असेल तिथे हलका मारा.

बांधकामाची टीएमटी सळई सगळ्यांकडे पडलेली असते. सरावाला चालते. हत्यारं तिची करू नका. तिचं बाहेरचं आवरण कडक आणि गाभा मऊ असतो, एकदा तापवल्यावर तोही फरक जातो, आणि पात्याला धार राहण्याइतकं कार्बन तिच्यात नसतंच.

भंगारातलं पोलाद

खुरपं, विळा, कोयता यांसाठी गाडीच्या कमानीचा पाटा. जीप-टेम्पोचा ६ ते ८ मिलिमीटरचा घ्या. ट्रकचा १०-१२ मिलिमीटरचा पाटा घणाशिवाय आवरत नाही. जुन्या पाट्याला शिणून चिरा पडलेल्या असतात, विशेषतः मधल्या बोल्टच्या भोकाजवळ. तो भाग सोडा, आणि उरलेला मंद लाल करून बघा. खपलीत काळी बारीक रेघ दिसली तर तुकडा टाकून द्या.

शॉकअब्सॉर्बर, दोन्ही तोंडं बंद असलेला पाईप, पोकळ शाफ्ट, सिलिंडर यांतलं काहीही आगीत घालू नका. आतली हवा किंवा तेल तापून ते फुटतात. क्रोमचा चकचकीत मुलामा असलेलं लोखंड, जस्ताचा पत्रा आणि रंग लावलेला माल हेही बाहेरच.

पोलाद नक्की कडक होतं का, हे एक बोटभर तुकड्यावर आधी तपासा. लाल करून तेलात बुडवा, थंड झाल्यावर व्हाइसमध्ये धरून, वर फडकं टाकून हातोड्याने मारा. वाकला तर मऊ लोखंड. कट्कन तुटला तर तुटलेलं तोंड उजेडात बघा. कणी इतकी बारीक असेल की राखाडी मखमल वाटेल, तर तापमान बरोबर होतं. चमकणारे जाड दाणे दिसले तर जास्त तापलं होतं आणि असं पातं पहिल्या दगडावर तुटणार.

पाटा मऊ करायचा असेल तर चुंबक चिकटायचं थांबेपर्यंत तापवा आणि तुसाच्या राखेत रात्रभर पुरून ठेवा. खानापूरच्या भातगिरण्यांजवळ ही राख मुबलक असते आणि ती उष्णता अतिशय हळू सोडते. सकाळी पाट्यावर कानस सहज चालते.

पाणी देणं

खुरपं किंवा कोयता घडून, कानशीने आकार देऊन झाला की धारेची जाडी अजून दीड मिलिमीटर असू द्या. आधीच पातळ केली तर ती पाणी देताना लहरते. मग तीन वेळा असं करा: सगळं पातं चुंबक चिकटेनासं होईपर्यंत तापवा आणि वारा नसलेल्या जागी टांगून काळं होऊ द्या. घावांनी आत साठलेला ताण यामुळे निघतो आणि कणी बारीक होते. ही पायरी गाळली की पाती वाकडी होतात.

पाट्याच्या पोलादाला साध्या पाण्यात बुडवू नका, बहुतेक वेळा ते चिरतं. गावचे जुने लोहार पाणी वापरतात, पण ते फक्त धार बुडवतात आणि क्षणात वर काढतात. तो अंदाज यायला वर्षं जातात. तुम्ही साधं खाण्याचं तेल घ्या, पाम किंवा सूर्यफूल, पाच-सहा लिटर. सहा इंच रुंद आणि दीड फूट उंच लोखंडी नळकांडं, खाली रुंद बैठक, वर घट्ट बसणारं झाकण. गाडीचं जळकं ऑइल नको, त्याचा धूर विषारी असतो. एक गरम गज बुडवून तेल ५०-६० अंशांवर आणा. कोमट तेल जास्त पातळ असतं आणि जास्त वेगाने उष्णता ओढून घेतं.

संध्याकाळच्या अंधुक उजेडात पातं तापवा आणि हवा अगदी कमी ठेवा. पातं आगीत पुढे-मागे सरकवत राहा, म्हणजे टोक एकटंच तापणार नाही. रंग लाल होत जाताना पोलादाच्या आत एक काळसर सावली फिरताना दिसते. कडेने आधी उजळतं आणि सावली जाड भागाकडे सरकत जाते. तेव्हा आतली रचना बदलत असते आणि ते काम उष्णता खातं. सावली पूर्ण विरली, चुंबक लागेना, आणि त्यावर रंग एक छटा उजळला की वेळ झाली. चुंबक ७७० अंशांच्या सुमारास सुटतं आणि या पोलादाला ८३०-८५० लागतात, म्हणून ही एक छटा जास्त.

पातं उभं, एका दमात पूर्ण तेलाखाली न्या आणि धारेच्या दिशेनेच पुढे-मागे हलवा. बाजूला हलवलं तर एक अंग आधी थंड होऊन पातं वाकतं. अर्धवट बुडवून थांबलात तर तेल पेट घेतं. पेटलंच तर झाकण लावा. पाणी ओतायचं नाही, उकळतं तेल चौफेर उडतं. बाहेर काढल्यावर धारेवर कानस घसरली पाहिजे. ती चावत असेल तर तापमान कमी पडलं, पुन्हा करा.

आता पातं काचेइतकं ठिसूळ आहे. हातून पडलं तरी तुटेल, म्हणून टेम्परिंग, म्हणजे हलकं तापवून ठिसूळपणा कमी करणं, त्याच तासात उरका. पातं पॉलिशपेपरने पांढरं घासा, जाड गज लाल करून त्यावर पात्याची पाठ टेकवा आणि रंगांचे पट्टे धारेकडे चालत येताना बघा. फिकट पिवळा साधारण २०५-२१० अंश, गडद पिवळा २४०, तपकिरी २६०, जांभळा २८०, निळा ३००. सुरीची धार गडद पिवळ्यावर थांबवा. ऊस तोडायचा किंवा झुडपं साफ करायचा कोयता तपकिरी-जांभळ्यावर आणि पाठ निळी. रंग धारेवर पोचताच पाण्यात बुडवून थांबवा. घरात ओटीजी (विजेचा ओव्हन) असेल तर सुरी २१० ते २२० अंशांवर तासभर असं दोनदा ठेवणं जास्त भरवशाचं. धार दुमडू लागली तर टेम्परिंग जास्त झालं, तुकडे पडू लागले तर कमी.

शेतीची आणि स्वयंपाकघरातली अवजारं करायला अडचण नाही. तलवारी, जंबिये यांच्या वाटेला जाऊ नका. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची, घरकाम-शेती सोडून इतर वापराची हत्यारं शस्त्रांच्या नियमांत येतात.

काम संपल्यावर

निखारे बाजूला ओढून पसरा आणि थोडं पाणी शिंपडून विझवा. विझलेला कोळसा दुसऱ्या दिवशी सहज पेटतो, तो टाकू नका. खळग्यात पाण्याची बादली ओतायची नाही, माती फुटते. तेलाचं झाकण लावा. भट्टीवर पत्रा टाका आणि जागा सोडण्याआधी जमिनीवर उडालेल्या ठिणग्या बघून घ्या. रात्रीच्या वाऱ्यावर आडोशाची ठिणगीही धरते.

झालेल्या आकड्यांवर, मुठींवर जवसाच्या तेलाचा हात द्या. धातू काळा पण तेल टाकताच धुरकटेल इतका गरम असताना, सुती फडक्याने, पातळ. जाड थर चिकट राहतो. तेल लागलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात ठेवू नका, जवसाचं तेल सुकताना आपोआप तापतं आणि फडकं पेटू शकतं. ती पाण्यात भिजवून उघड्यावर पसरा.

जून लागायच्या आधी कोळसा झाकणाच्या पिंपात, जमिनीपासून विटांवर उचलून ठेवा. भिजलेला कोळसा तडतडून डोळ्यांपर्यंत निखारे उडवतो आणि अर्धी उष्णता स्वतःला सुकवण्यातच घालवतो. ऐरणीच्या माथ्यावर आणि व्हाइसच्या आट्यांवर ग्रीस लावा, ब्लोअर उतरवून घरात न्या. सप्टेंबरनंतर पुन्हा सुरू करताना भट्टीची माती ओल धरून असते, तेव्हा पहिल्या दिवशीसारखीच तासभर मंद आग द्या आणि मगच लोखंड आत घाला.